पहिली फेरी फक्कड, दुसरी कडू: घरच्या मार्गारिटाचं नेमकं कुठे बिघडतं

आमच्याकडे शनिवारी रात्री पाच-सहा जण जमले की मार्गारिटा होते, म्हणजे टकीला ही मेक्सिकोची दारू, लिंबाचा रस आणि काहीतरी गोड बर्फात हलवून केलेलं पेय. दोन वर्षं एकच त्रास पाठ सोडत नव्हता. पहिला ग्लास सगळ्यांना आवडायचा. तासाभराने केलेली दुसरी फेरी मात्र आधी पाणचट लागायची, मग नुसती आंबट, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा रेंगाळायचा. बाटली तीच, लिंबं त्याच पिशवीतली, करणारे हातही तेच. तरी दुसऱ्या फेरीचे निम्मे ग्लास ओट्यावर तसेच राहायचे.

हीच तक्रार मी इतर बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. तिच्यावरचा पहिला उपाय बहुतेक सगळे एकच करतात, मीही तोच केला: महागातली टकीला आणली. काही फरक पडला नाही. तेव्हा लक्षात आलं की पहिला ग्लास चांगला लागतोय, म्हणजे बाटलीत खोट नाही. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधल्या तासाभरात काय बदलतं ते शोधायला हवं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. रस, बर्फ, माप आणि ग्लासाच्या काठावरचं मीठ, या चारही गोष्टी त्या तासात बदलत होत्या.

पुढे जाण्याआधी एक सांगते. महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. गोव्याहून स्वस्तात बाटल्या आणून इथे ठेवणं हा गुन्हा आहे. हे सगळं माहीत असलेल्या मोठ्या माणसांसाठीच पुढचं लिहिते आहे.

खरी गोम रसात

पाहुणे यायचे म्हणून मी दुपारीच दहा-बारा लिंबं पिळून ठेवायचे. घाईत पिळलेल्या फोडी आणि पडलेल्या बिया त्याच जगमध्ये राहायच्या, सरबताला करतो तसंच. रात्री त्यातूनच रस ओतायचा. पहिल्या फेरीला कमी पडू नये म्हणून दोन-तीन लिंबं ताजी पिळून त्यात घालायचे, त्यामुळे ती फेरी निभायची. दुसऱ्या फेरीला जगच्या तळाचा रस यायचा, बियांसकट मुरलेला.

लिंबाच्या बियांत आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात काही द्रव्यं असतात. फळ अखंड असतं तोवर ती कडू लागत नाहीत. रस निघाला आणि आंबटाशी त्यांची गाठ पडली की त्यांचं हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होतं. हे आपल्याला मुळीच नवं नाही. मोसंबीचा रस काढून ठेवला तर थोड्या वेळाने कडू लागतो, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, म्हणूनच रसवाला ग्लास हातात देताना 'लगेच घ्या' म्हणतो. लिंबाचा आंबटपणा इतका तीव्र असतो की सरबतात भरपूर साखर-पाणी घालावं लागतं, त्याखाली तो कडवटपणा दबून जातो. मार्गारिटात पाणी थोडं, साखर बेताची, त्यामुळे तो उघडा पडतो.

खात्री करायला मी तीन वाट्या भरल्या. एकीत त्याच वेळी पिळून गाळलेला रस. दुसरीत सहा तासांपूर्वी पिळून, गाळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवलेला. तिसरीत तितकाच जुना, पण बिया आणि फोडींसकट ओट्यावर राहिलेला. तिन्हींत सारखंच साखरपाणी घातलं. दुसऱ्या वाटीचा वास थोडा उतरला होता, पण रस वापरण्याजोगा होता. तिसरी वाटी माझ्या जावेने नाकाजवळ नेऊनच खाली ठेवली. म्हणाली, "वहिनी, हे भांडी घासायला ठेवा."

तेव्हापासून नियम केला: दर फेरीला रस ताजा पिळायचा. सहा ग्लासांना १२० मिली रस लागतो, म्हणजे साधारण दहा लिंबं. एक माणूस कापायला आणि एक पिळायला असला की चार-पाच मिनिटांत होतं. अगदीच जमत नसेल तर आधी पिळून लगेच स्टीलच्या गाळणीतून गाळा, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. चहाची प्लॅस्टिकची गाळणी नको. तिला चहाचा वास मुरलेला असतो आणि तो रसात उतरतो.

पिळण्यातही चुका होतात. आपल्या कागदी लिंबाची साल खरंच कागदासारखी पातळ असते, नावच त्यावरून पडलंय. अॅल्युमिनियमच्या पिळणीत जोर लावून शेवटचा थेंब काढायला गेलं की साल चिरडते, पांढरा भाग आणि बिया फुटतात. फोड कापलेल्या बाजूने खाली ठेवायची, एकदा दाबायचं आणि सोडून द्यायचं. लिंबू आधी ओट्यावर तळहाताखाली लोळवलं तर तेवढ्या दाबातच रस मोकळा होतो. लिंबं बियांसकट मिक्सरला लावायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. बी चिरडली की तो रस कितीही गाळला तरी कडूच राहतो.

'एका लिंबाचा रस' म्हणजे किती?

माझा मावसभाऊ डॅलसजवळ राहतो. त्याने मला त्याची कृती पाठवली होती: टकीला इतकी, आणि एका लिंबाचा रस. त्याची मार्गारिटा नेहमी जमते आणि माझी जमत नाही याचं मला फार वाईट वाटायचं. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने लिंबू कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा उलगडा झाला. ते हिरवंगार, लहानशा संत्र्याएवढं, जवळजवळ बिनबियांचं होतं. म्हटलं, "दादा, हे लिंबू आहे की ईडलिंबू?"

तिथल्या दुकानांत मिळतं ते पर्शियन लिंबू. मोठं असलं तर त्यातून ३० मिलीच्या आसपास रस निघतो. आपलं कागदी लिंबू १० ते १५ मिली देतं, आणि तो रस जास्त आंबट असतो. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती पर्शियन लिंबू गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. मग आपण एक लिंबू पिळतो, ग्लास सपक लागतो. दुसरं पिळतो, बरं वाटतं. तिसरं पिळलं की दात आंबतात. कधी लिंबं लहान, कधी मोठी, कधी उन्हाळ्यातली सुकलेली. लिंबं मोजून मार्गारिटा कधीच सारखी होणार नाही. मिली मोजा.

यात गंमत अशी की मेक्सिकोत ज्याला नुसतं 'लिमोन' म्हणतात, ते बहुतेक वेळा आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं असतं. ही जात मूळची आशियातली, स्पॅनिश लोकांबरोबर ती अमेरिका खंडात गेली. म्हणजे खऱ्या चवीच्या जवळ जाणारं फळ आपल्याच बाजारात दहा-वीस रुपयांच्या वाट्यात मिळतंय. कृती तेवढी त्याच्या मापाची हवी.

मापासाठी महागडं काही आणू नका. ३० आणि ६० मिलीचं पेग मेजर सगळीकडे मिळतं. लहान मापांसाठी खोकल्याच्या औषधावरची छोटी टोपी स्वच्छ धुऊन वापरा, तिच्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. माझं दुसऱ्या फेरीतलं माप याच टोपीने सुधारलं. आधी मी पहिली फेरी मोजून करायचे आणि दुसरी गप्पांच्या नादात अंदाजाने. अंदाजाने ओतताना टकीला नेहमी वाढते, ती वाढली म्हणून लिंबू वाढतं, लिंबू वाढलं म्हणून साखर वाढते. शेवटी ग्लासात दीड माणसाचं पेय होतं आणि ते कुणालाच नीट लागत नाही.

माझं सध्याचं माप

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक, म्हणजे संत्र्याच्या सालीची गोड दारू, आणि १५ मिली लिंबाचा रस असं प्रमाण आहे. ट्रिपल सेक जवळ असेल तर यापासून सुरुवात करा, आणि आपल्या लिंबाचा आंबटपणा जाणवला तर ५ मिली साखरपाणी घाला.

ट्रिपल सेक नसेल, आणि बऱ्याच घरांत ती नसते, तर ४५ मिली टकीला, २० मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी, फक्त विरघळेपर्यंत गरम केलेलं, तार येऊ द्यायची नाही. कोरडी साखर थंड पेयात नीट विरघळत नाही. ती तळाशी बसते, म्हणून पहिले घोट आंबट आणि शेवटचे गोडमिट्ट लागतात. बाजारच्या पिठीसाखरेत पुष्कळदा स्टार्च असतो, त्याने पेय गढूळ दिसतं. मध घालायचा तर आधी तितक्याच कोमट पाण्यात सैल करा, नाहीतर बर्फावर पडताच त्याची गोळी होते. काकवी मी एकदा घालून पाहिली. तिची चव इतकी जबर की लिंबू आणि टकीला दोन्ही मागे पडतात. लाकडात मुरलेल्या रेपोसादो टकीलाबरोबर ती बरी लागते, पांढऱ्या टकीलात नको.

हे बिनट्रिपल सेकचं वळण काही आपल्याकडची तडजोड नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बेरमेहो यांनी टकीला, लिंबू आणि अगावेचा, म्हणजे टकीला ज्यापासून करतात त्याच काटेरी झाडाचा, गोड अर्क इतक्यावरच मार्गारिटा केली, आणि ती आता जगभर 'टॉमीज मार्गारिटा' म्हणून ओळखली जाते. मला स्वतःला हीच जास्त आवडते, कारण टकीला समोर येते.

संत्र्याची चव हवीच असेल तर ऑरेंज स्क्वॅश घालू नका. त्यातली साखर आणि टिकवायची द्रव्यं मिळून सगळं औषधासारखं लागतं. हिवाळ्यात नागपुरी संत्री येतात तेव्हा दोन-तीन संत्र्यांच्या साली कोमट पाण्याने चोळून धुवा, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढा, आणि साली अर्धी वाटी साखरेत चुरगाळून तीन-चार तास झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओलसर होते. त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून ढवळलं आणि गाळलं की संत्र्याच्या वासाचा पाक तयार. फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. या एका गोष्टीसाठी मी दरवर्षी डिसेंबरची वाट पाहते.

पाणचटपणा बर्फातून येतो

पहिल्या फेरीला बर्फ थेट फ्रीझरमधून निघालेला असतो, कोरडा, हाताला चिकटणारा. मग तो पातेल्यात ओतून टेबलावर येतो. तासाभराने, तेही मे महिन्यात, त्या पातेल्यात अर्धं पाणी असतं आणि उरलेल्या तुकड्यांवर पाण्याचा थर. तेच तुकडे आपण शेकरमध्ये, म्हणजे पेय बर्फासह हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, टाकतो. पेय थंड व्हायच्या आधीच तो थर त्यात मिसळलेला असतो.

मार्गारिटात पाणी हवंच, ते विसरू नका. बर्फ वितळून मिसळणारं पाणी हा कृतीचाच भाग आहे, त्याशिवाय ती घशात जळते. प्रश्न प्रमाणाचा आहे. ८५ मिली मिश्रण कोरड्या बर्फात बारा-पंधरा सेकंद जोरात हलवून गाळलं तर ११० ते १२० मिली भरायला हवं. मी दुसऱ्या फेरीचं मोजलं तेव्हा ते १४० च्या वर गेलं होतं. त्या दिवशी पाणचटपणाचं कोडं सुटलं.

उपाय स्वयंपाकघरातच होता. पातेल्यावर पुरणाची चाळणी ठेवायची आणि बर्फ चाळणीत. वितळलेलं पाणी खाली गळून जातं. निम्मा बर्फ फ्रीझरमध्येच राहू द्यायचा आणि फेरी सुरू करतानाच बाहेर काढायचा. शेकरमध्ये बर्फ कमी घातला तर पेय कमी पातळ होईल असं वाटतं, पण होतं उलटं. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि थंडावा येईपर्यंत सगळं पाणी होतं. तीन-चतुर्थांश भरून घाला.

बर्फाला वास लागतो, तेही तपासा. ज्या फ्रीझरमध्ये सुके बोंबील किंवा मसाल्याचं वाटण उघडं आहे तिथला आठवडाभराचा बर्फ चाखून बघा. आदल्या रात्री ताजा बर्फ लावा, सकाळी ट्रेमधून काढून झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा स्टीलचा फिरकीचा डबा चालतो. आतली हवा थंड होऊन आकसते, त्यामुळे झाकण आवळून बसतं. घाबरू नका, झाकणावर बाहेरून कोमट ओला फडका धरा, सुटतं. सोडा मात्र कधीही बंद बरणीत हलवू नका.

काठावरचं मीठ

पहिल्या ग्लासाला मीठ काठावर असतं. दुसऱ्या फेरीला त्याच ग्लासात पेय ओतलं की उरलंसुरलं मीठ धुऊन आत जातं, वर आपण पुन्हा काठ बुडवतो. आमच्याकडे एकाला दुसरा ग्लास नेहमी खारट लागायचा, त्याचं कारण इतकंच निघालं. ग्लास विसळून घ्यायचा.

रोजचं बारीक आयोडीनयुक्त मीठ काठावर थापलं जातं आणि एका घोटात तोंड खारट होतं. खडेमीठ खलबत्त्यात जाडसर कुटा, रव्यापेक्षा मोठं. काठाची फक्त बाहेरची बाजू लिंबाच्या फोडीने ओली करा, तीही अर्ध्याच गोलावर, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. सैंधव चालतं. पादेलोण नको, त्याचा गंधकाचा वास चाटला शोभतो, टकीलाला नाही. कुणी कोकमाचं आगळ घालून करत असेल तर काठाला मीठ लावूच नका. आगळात मीठ आधीच भरपूर असतं आणि आंबटपणाही, त्यामुळे लिंबूही निम्म्यावर आणावं लागतं.

मिठाचा एक गुण मात्र हाताशी ठेवण्यासारखा आहे: ते कडूपणा दाबतं. ग्लास हातात आहे, पाहुणे बसलेत आणि पेय किंचित कडू झालंय, तर चिमटीतलं अर्धं मीठ आत घालून ढवळा. फार आंबट असेल तर ५ मिली पाक घाला, फार गोड असेल तर ५ मिली रस, आणि दर वेळी चाखून मगच पुढचं. पाणचट झालेल्या ग्लासात टकीला वाढवून तो सुधारत नाही, नुसता कडक होतो. त्यापेक्षा तो उंच ग्लासात ओता, ताजं लिंबू थोडं पिळा, थंड सोडा आणि चिमूटभर मीठ घाला. दुसरंच पेय होईल, पण चांगलं होईल.

आणि बाटलीचं काय?

बाटलीवर सगळा दोष ढकलू नये म्हटलं, पण पहिलाच ग्लास वाईट लागत असेल तर मात्र बाटली पाहायला हवी. लेबलवर '१००% अगावे' असं लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर ती मिश्र टकीला. मेक्सिकोच्या नियमानुसार तिच्यातली किमान ५१ टक्के साखर निळ्या अगावेची असावी लागते, उरलेली उसाबिसाची चालते. सोनेरी रंगावर भुलू नका. मिश्र टकीलाचा तो रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो. मार्गारिटासाठी पांढरी, म्हणजे ब्लांको, उत्तम. रेपोसादो दोन महिने ते वर्षभर लाकडात असते, तीही चालते. आन्येहो किमान वर्षभर मुरलेली आणि महाग, ती लिंबात बुडवू नये.

अगावे म्हणजे आपल्याकडचं घायपात किंवा केकताड, ज्याच्या वाखाचे दोर वळतात, त्याचंच कूळ. टकीलाची मात्र एकच ठरावीक निळी जात, आणि तीही मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातली आणि इतर चार राज्यांच्या ठरावीक भागांतली. १९७४ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून डेस्मंड नाझारेथ यांनी 'डेस्मंडजी' हे पेय काढलं, तेव्हा त्यालाही टकीला म्हणता आलं नाही. मला याचं कौतुक वाटतं. शेताच्या बांधावर आपण ज्याच्याकडे ढुंकून पाहत नाही त्या काटेरी झाडाचा गड्डा भाजून, त्याचा रस आंबवून कुणी इतकं करतं.

उघडलेली बाटली लगेच खराब होत नाही, पण तळाशी दोन बोटं उरलेली टकीला कपाटात वर्षभर राहिली तर वास उतरतो. फ्रीझरमध्ये ठेवून गारठवलेली टकीलाही वास लपवते. साध्या थंड जागी, उन्हापासून दूर ठेवा.

सहा जणांसाठी एकदम

आता मी असं करते. संध्याकाळी २७० मिली टकीला आणि १२० मिली पाक एका बाटलीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवते. या दोन्हींना वेळेने काही होत नाही. फेरीच्या वेळी १२० मिली रस ताजा पिळून, गाळून त्यात मिसळते. शेकर चालवायचा तर दर ग्लासाला ८५ मिली. कुणाला हलवायचा कंटाळा असेल तर या ५१० मिलीत १३० ते १५० मिली थंड पाणी मोजून घालायचं आणि मोठ्या बर्फाच्या खड्यांवर ओतायचं. बर्फाने जे पाणी दिलं असतं तेच आपण दिलं, फक्त मोजून. चव सहाही ग्लासांत एकसारखी येते. दुसऱ्या फेरीसाठी दुसरी बाटली आधीच भरून ठेवलेली असते. फेऱ्या दोनच. मध्ये प्रत्येकाला पाण्याचा मोठा ग्लास, आणि गाडी घेऊन आलेल्याला माझ्या घरी कोकम सरबत. घरी जायच्या वेळी किल्ली हातात घेणाऱ्या माणसाबद्दल मला धाकधूक नको असते.

बर्फाचा चुरा करून गारेगार मार्गारिटा करणाऱ्यांसाठी थोडक्यात: इतक्या थंडीत जिभेला गोडवा कमी कळतो, म्हणून पाक ५ मिली वाढवा, आणि घरच्या मिक्सरवर एकदम सहा ग्लासांचा भार टाकू नका. डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी १९७१ मध्ये सॉफ्ट सर्व्ह आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून गारेगार मार्गारिटाचं यंत्र केलं, तेही अशाच कारणाने: मिक्सरवर दर ग्लासाची चव वेगळी यायची आणि गिऱ्हाईक तक्रार करायचं. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

लिंबं महागली की पालोमा

लिंबाचे भाव चढतात तेव्हा मी मार्गारिटा सोडून पालोमा करते. तिला प्रति ग्लास फक्त ५ मिली लिंबू लागतं: ५० मिली टकीला, चिमूट मीठ आणि १०० मिली ग्रेपफ्रूटचा सोडा. तो सोडा आपल्याकडे सहज मिळत नाही, पण भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत पपनस मिळतं, आणि ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातूनच झालेलं फळ आहे. पपनसाच्या फोडीवरचा पापुद्रा पूर्ण सोलून काढा, एकही तुकडा राहता कामा नये, कारण कडू आहे ते त्यातच. नुसता गर हाताने चुरून ५० मिली रस, १० मिली पाक आणि वरून सोडा. एक सावधगिरी महत्त्वाची: कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ग्रेपफ्रूट आणि पपनस त्यांचा असर धोकादायकरीत्या वाढवू शकतात. अशा पाहुण्यांना ते देऊ नका, आणि त्या गोळ्यांवर दारू चालते का तेही आधी डॉक्टरांना विचारायला लावा.

शेवटचा त्रास चवीचा नाही, पण तो पाहिल्यापासून प्रत्येकाला सांगते. गेल्या मे महिन्यात नणंद गोव्याला भर दुपारी बाहेर अंगणात बसून वीस लिंबं पिळत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातांवर लाल चट्टे आले, मग फोड, आणि पुढे काळे डाग, जे जायला काही आठवडे लागले. ती तवा लागला असं समजून बर्नॉल लावत बसली होती. लिंबाच्या सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी अशी भाजते. लिंबं घरात पिळा, हात मनगटापर्यंत साबणाने धुवा, आणि मगच उन्हात जा.